इंका : उंचीच्या पायऱ्यांवरचे जग

पृथ्वीच्या गोलावर पेरू देश शोधायला सांगितला की वर्गात हमखास हशा पिकतो. आपल्याकडच्या फळाचे आणि या देशाचे नाव एकच! (फळाचे नाव देशावरून आलेले नाही, 'पेअर' या फळासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून ते आले असे मानतात.) हसू ओसरले की आपण अँडीज पर्वत दाखवतो, लामा नावाच्या प्राण्याचे चित्र दाखवतो आणि पुढे जातो. इतिहासाच्या तासाला कधी विषय निघालाच तर "इंका लोक सूर्याची पूजा करीत" हे वाक्य फळ्यावर येते. भूगोल एका वहीत, उद्योगधंदे दुसऱ्या वहीत आणि धर्म तिसऱ्या. आम्हीही बरीच वर्षे असेच शिकवले.

एकदा एका विद्यार्थिनीने या तिन्ही वह्या एकदम उघडायला लावल्या. बर्फाच्छादित शिखरावर सापडलेल्या, पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इंका मुलीचा फोटो तिने वर्तमानपत्रात पाहिला होता. तिने विचारले, "सूर्याची पूजा करायची, तर मुलगी डोंगरावर का नेऊन ठेवली?" त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. ते शोधायला सुरुवात करावी लागली ती धर्मापासून नव्हे, तर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपासून.

आधी नावाविषयी थोडे. 'इंका' हा मुळात राजाचा किताब आणि कुस्को शहराच्या परिसरातील एका लहानशा समाजाचे नाव. त्यांच्या राज्याला ते तवान्तिन्सुयु म्हणत, म्हणजे 'एकत्र आलेले चार भाग'. राज्यकारभाराची भाषा केचुआ. परंपरेनुसार १४३८ मध्ये पाचाकुती गादीवर आला आणि त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत हे राज्य आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून मध्य चिलीपर्यंत, सुमारे ४,००० किलोमीटर पसरले. १५३२ च्या नोव्हेंबरात स्पॅनिश सैनिकांनी काहामार्का येथे राजा अताहुआल्पाला कैद केले आणि पुढच्या वर्षी ठार मारले. एवढेच आयुष्य या साम्राज्याचे. पण अँडीजमधली बटाट्याची शेती, लामांचे कळप, डोंगरउतारावरच्या पायऱ्यांची शेती या गोष्टी इंकांच्या हजारो वर्षे आधीच्या आहेत. इंकांनी त्या शोधून काढल्या नाहीत. त्यांनी त्यांची मोठ्या प्रमाणावर व्यवस्था लावली. पुढे आपण 'इंकांचे' म्हणून जे पाहणार आहोत त्यातले बरेचसे या अर्थाने अँडीजचे आहे, हे लक्षात ठेवावे.

नकाशा नको, छेद काढा

हा प्रदेश सपाट नकाशावर कळत नाही. फळ्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक छेद काढावा. डावीकडे पॅसिफिक महासागर. किनाऱ्यालगत हंबोल्ट हा थंड सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे किनारा जवळजवळ कोरडा वाळवंटी. धुके असते, पण पाऊस नाही. तेथून जेमतेम शे-दोनशे किलोमीटर आत गेले की ६,००० मीटरहून उंच शिखरे. पलीकडे उतार, आणि उताराच्या पायथ्याशी अॅमेझॉनचे घनदाट जंगल. पाऊस येतो तो या जंगलाच्या बाजूने, पूर्वेकडून. आपण पर्जन्यछाया शिकवताना सह्याद्रीचे उदाहरण देतो. तिथे कोरडी बाजू पूर्वेची. येथे तेच चित्र आरशात पाहावे तसे उलटे.

विषुववृत्त जवळ असल्याने उन्हाळा-हिवाळ्याच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो उंचीने. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंश सेल्सियसने उतरते. म्हणजे दोन-तीन दिवस चढण चढली की माणूस दुसऱ्याच हवामानात पोहोचतो. पेरूचे भूगोलतज्ज्ञ हाविएर पुल्गार विदाल यांनी १९४० च्या सुमारास आपल्या देशाचे नैसर्गिक विभाग पाडले ते याच तत्त्वावर, आणि त्यांची नावेही स्थानिक लोकांच्या बोलीतून घेतली. किनारा म्हणजे चाला. ५०० ते २,३०० मीटरपर्यंतचा उबदार पट्टा युंगा. येथे कोका, मिरची, फळे. २,३०० ते ३,५०० मीटर हा केचुआ पट्टा, मक्याचा. त्यावर ४,००० मीटरपर्यंत सुनी, तेथे बटाटा, किनोआ आणि इतर कंद. ४,००० ते ४,८०० मीटरपर्यंत पुना, म्हणजे गवताळ थंड माळ. तेथे लामा आणि अल्पाका चरतात आणि फक्त कडवट जातीचे बटाटे तग धरतात. त्याच्यावर हांका : बर्फ आणि खडक. पूर्वेच्या जंगलाकडे आणखी दोन विभाग आहेत.

आता प्रश्न असा की, यांतल्या एकाच पायरीवर राहून माणसाचे भागेल का? पुनावर लोकर आणि मांस आहे, पण मका नाही. मक्याच्या खोऱ्यात कोका नाही, मीठ-मासळी नाही. शिवाय एका रात्रीच्या हिमतुषाराने एका पायरीवरचे सगळे पीक जाऊ शकते. उपाय दोन. एक, बाजार भरवून देवाणघेवाण करणे. दुसरा, आपलीच माणसे प्रत्येक पायरीवर ठेवणे. अँडीजच्या मध्यभागातील समाजांनी मुख्यतः दुसरा उपाय निवडला.

जॉन मुरा या मानववंशशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या पद्धतीला 'उभा द्वीपसमूह' असे नाव दिले. त्यांचा एक आधार होता १५६७ मधील स्पॅनिश सरकारी तपासणीचे कागद. तितिकाका सरोवराकाठी, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, लुपाका नावाचा समाज राहत असे. त्यांची गावे सरोवराकाठी, पण मका आणि कापूस पिकवणारी त्यांची माणसे कित्येक दिवसांच्या वाटेवर, किनाऱ्याकडच्या खोऱ्यांत वस्ती करून होती. कोका पिकवणारी पूर्वेच्या उतारावर. दूर राहूनही ती आपल्या मूळ गावचीच गणली जात आणि घरच्या जमिनीवरचा त्यांचा हक्क कायम राही. समुद्रातली बेटे जशी एका राज्याची, तशा या एकाच समाजाच्या डोंगरातल्या वस्त्या. लामा पंचवीस-तीस किलोहून जास्त ओझे वाहत नाही, त्यावर बसता येत नाही आणि चाकाची गाडी वापरात नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे माल हलवण्यापेक्षा माणसे नेऊन वसवणे का सोयीचे वाटले असेल ते समजते.

या सगळ्याचा पाया म्हणजे आय्यू : समान पूर्वज मानणारा आणि जमीन एकत्र बाळगणारा कुटुंबसमूह. जमीन कुटुंबाच्या गरजेप्रमाणे वाटली जाई. आज तुझ्या शेतात मी राबलो, उद्या माझ्या शेतात तू; या परतफेडीला आयनी म्हणत. आपल्याकडे इर्जिक किंवा सावड म्हणतात त्याच्याशी याचे नाते चटकन दिसेल. इंका राज्याने कर वसूल केला तो याच चालीवर : धान्य नव्हे, श्रम. जमिनीचे तीन भाग, एक देवस्थानांचा, एक राज्याचा, एक आय्यूचा. पहिल्या दोन भागांवर लोकांनी पाळीने काम करायचे, तसेच रस्ते बांधायचे, सैन्यात जायचे. या पाळीला मिता म्हणत. मोबदल्यात राज्याने त्यांना खाऊ घालायचे आणि मक्याची बिअर, म्हणजे चिचा, पाजायची अशी रीत होती. हे सगळे गोडीगुलाबीने चाले असे मात्र समजू नये. जिंकलेल्या समाजांची हजारो कुटुंबे राज्याने शेकडो किलोमीटर दूर नेऊन वसवली, त्यात त्यांची इच्छा कोणी विचारली नाही.

गोठवून वाळवलेला बटाटा

राज्य चालले ते कोठारांवर. पेरूच्या हुआनुको पाम्पा या इंका शहराजवळच्या टेकडीवर रांगेने बांधलेल्या सुमारे ५०० कोठारांचे अवशेष आहेत. उंचावरची थंड, वाहती हवा हाच त्यांचा शीतगृहाचा यंत्रसंच. हिशेब ठेवला जाई गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या जुडग्यात, म्हणजे खिपूत. एकम्, दहम्, शतम् यांच्या गाठी दोऱ्यावर वेगवेगळ्या उंचीवर असतात, हे लेलँड लॉक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले.

पण बटाटा साठवायचा कसा? त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असते. तो कुजतो, त्याला मोड येतात. अँडीजच्या लोकांनी यावर जो उपाय काढला तो शाळेत पदार्थाच्या अवस्था शिकवताना सांगण्यासारखा आहे. जून-जुलै हे तिकडचे कोरड्या थंडीचे महिने. (दक्षिण गोलार्ध आहे हे मुलांना पुन्हा सांगावे लागते.) ४,००० मीटरवर हवा विरळ आणि कोरडी. दिवसा ऊन प्रखर लागते, पण रात्री जमिनीची उष्णता आकाशात झपाट्याने निघून जाते आणि पारा शून्याच्या खाली उतरतो. बटाटे रात्री उघड्यावर पसरून ठेवतात. ते गोठतात, आतल्या बर्फाच्या स्फटिकांनी पेशींच्या भिंती फाटतात. दिवसा उन्हाने ते सैल पडले की पायांनी तुडवतात. पाणी निघून जाते. असे काही दिवस चालले की उरतो काळा, कडक, गोट्यासारखा हलका चुन्यो. वजन मूळच्या साधारण पाचव्या हिश्शावर येते आणि तो कित्येक वर्षे टिकतो. पांढऱ्या प्रकारासाठी बटाटे अनेक दिवस वाहत्या पाण्यातही ठेवतात. या प्रक्रियेत उंचावरच्या कडू जातींतली विषारी द्रव्येही बरीचशी निघून जातात. म्हणजे जेथे दुसरे काही पिकत नाही तेथले, एरवी खाता न येणारे पीक कोठारात जाऊन बसते. मांसही असेच वाळवीत. त्याला चार्की म्हणत.

जाता जाता : 'बटाटा' हा आपला शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, पण तो अँडीजचा नाही. कॅरिबियन बेटांवर रताळ्याला 'बटाटा' म्हणत. युरोपियनांनी दोन्ही कंदांची गल्लत केली. केचुआत बटाट्याला म्हणतात 'पापा'.

झरे, खडक आणि कोठाराचे तारे

आता धर्माकडे येऊ. सूर्य, म्हणजे इंती, हा इंका राजघराण्याचा पूर्वज. कुस्कोमधले कोरिकांचा हे त्याचे मुख्य मंदिर, सोन्याच्या पत्र्याने मढवलेले. जिंकलेल्या प्रदेशांत सूर्याची देवळे उभी राहत. हा झाला राज्याचा धर्म. सामान्य माणसाचा रोजचा व्यवहार मात्र जास्त जवळच्या देवांशी होता. पाचामामा, म्हणजे भूमाता. इल्यापा, म्हणजे वीज-पावसाचा देव. गावावर नजर ठेवणारी उंच शिखरे, ज्यांना आजही अपू, म्हणजे स्वामी म्हणतात. आणि असंख्य हुआका. हुआका म्हणजे पवित्र अशी कोणतीही जागा किंवा वस्तू. बेर्नाबे कोबो या धर्मोपदेशकाने १६५३ च्या आपल्या ग्रंथात कुस्कोभोवतालच्या हुआकांची जी यादी दिली आहे तीत तीनशेहून अधिक स्थाने आहेत. ती कोरिकांचापासून निघणाऱ्या चाळीसेक काल्पनिक रेषांवर मांडलेली होती आणि एकेका रेषेची देखभाल एकेका कुटुंबसमूहाकडे होती. त्यांतली निम्म्याहून अधिक स्थाने म्हणजे झरे आणि खडक. पाणी कोणाच्या शेताला कोठून येते, याचाच तो एक नकाशा होता म्हणावे इतके हे जुळते.

डोंगराला देव मानण्यामागे भाबडेपणा पाहण्याची घाई करू नये. हिमनदीचे पाणी तेथूनच येते, ढग तेथेच जमतात, गारपीटही तेथूनच उतरते. जो देतो आणि घेतो त्याच्याशी आयनीचेच नाते ठेवायचे : आपण दिले तर तो देईल. शेतातल्या देवाणघेवाणीचा नियम आकाशापर्यंत लावलेला होता.

या श्रद्धांमध्ये निरीक्षण किती मुरले होते याचे एक उदाहरण आम्हाला फार आवडते. केचुआत कोठाराला 'कोल्का' म्हणतात आणि कृत्तिका या तारकापुंजालाही 'कोल्का'च. आपले पंचांग पाहणाऱ्यांना ठाऊक आहे की मे महिन्यात सूर्य कृत्तिका नक्षत्रात असतो. म्हणून त्या सुमारास हे तारे दिसत नाहीत आणि जूनमध्ये पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतात. पेरू आणि बोलिव्हियातले शेतकरी जूनच्या उत्तरार्धात पहाटे उंचावर जाऊन ते न्याहाळतात. तारे ठसठशीत आणि बरेच दिसले तर पाऊस वेळेवर, पीक चांगले. पुसट दिसले तर पाऊस उशिरा आणि कमी. मग बटाट्याची लागवड काही आठवडे पुढे ढकलायची. ही पद्धत निदान चारशे वर्षे जुनी आहे.

बेंजामिन ऑर्लोव्ह, जॉन चियांग आणि मार्क केन या तिघा शास्त्रज्ञांनी हा अंदाज तपासून २००० साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. एल निन्योच्या वर्षी, म्हणजे पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापलेले असताना, जूनमध्ये या भागावर फार उंचीवर विरळ ढगांचा थर वाढतो. डोळ्यांना तो ढग म्हणून दिसत नाही, पण मंद तारे त्याच्याआड जातात. आणि एल निन्योच्या वर्षीच पुढच्या ऑक्टोबरपासूनचा पाऊस या पठारावर कमी पडतो. शेतकऱ्यांना समुद्राच्या तापमानाची माहिती नव्हती. कारण ठाऊक नव्हते, संबंध मात्र त्यांनी अचूक हेरला होता. वर्गात सहसंबंध आणि कारण यांतला फरक समजावताना हे उदाहरण वापरून पाहा.

केसात लिहिलेली दोन वर्षे

आता त्या मुलीकडे. अर्जेंटिना-चिली सीमेवर युयायाको हा ६,७३९ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. १९९९ मध्ये योहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती यांच्या पथकाला शिखराजवळ जमिनीत पुरलेली तीन मुले सापडली : साधारण तेरा वर्षांची एक मुलगी आणि चार-पाच वर्षांची दोन मुले. थंडीने आणि कोरड्या हवेने शरीरे जशीच्या तशी राहिली होती. हा कापाकोचा नावाचा विधी होता. राजाचा मृत्यू, आजारपण, दुष्काळ किंवा भूकंप अशा प्रसंगी राज्यातली निवडक मुले कुस्कोला आणीत, तेथून शिखरांकडे नेत आणि डोंगराला अर्पण करीत.

मुलीचे केस सुमारे २८ सेंटिमीटर लांब होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो; म्हणजे हे दोन वर्षांहून अधिक काळाचे रोजनिशीचे पान. मका, आपली ज्वारी, बाजरी, ऊस या वनस्पती प्रकाशसंश्लेषण थोड्या वेगळ्या मार्गाने करतात, त्यामुळे त्यांच्यातील जड आणि हलक्या कार्बनचे प्रमाण बटाटा, गहू, तांदूळ यांच्याहून वेगळे असते. माणूस जे खातो त्याची ही खूण केसात उतरते. अँड्र्यू विल्सन आणि सहकाऱ्यांनी केसाचे तुकडे तपासून २००७ आणि २०१३ मध्ये जे प्रसिद्ध केले त्यावरून असे दिसते : आधी ही मुलगी सामान्य शेतकऱ्यासारखे, मुख्यतः बटाट्यासारख्या कंदांचे अन्न खात होती. मृत्यूच्या साधारण वर्षभर आधी तिचे अन्न एकदम बदलले. मका आणि मांस आले. त्याच सुमारास कोकाचे प्रमाण वाढले. शेवटच्या काही आठवड्यांत मद्याचे प्रमाणही खूप वाढले. मृत्यूच्या वेळी कोकाची पाने तिच्या दातांत होती.

सुनीचा बटाटा, केचुआ पट्ट्यातला मका, पुनावरच्या जनावराचे मांस, युंगातला कोका. सोबत ठेवलेल्या वस्तूंमध्ये अॅमेझॉनकडची पिसे आहेत आणि उबदार समुद्रात, इक्वाडोरकडे मिळणारे लाल शिंपले कोरून केलेल्या लहान मूर्ती. तवान्तिन्सुयुच्या सगळ्या पायऱ्या त्या बर्फातल्या खड्ड्यात एकत्र आणल्या होत्या. राज्याने डोंगराशी चालवलेली ती देवाणघेवाण होती, आणि तिची किंमत एका शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीने दिली. तिला काय होणार आहे हे माहीत होते का, तिच्या आईवडिलांना हा मान वाटला की त्यांनी भीतीने मान तुकवली, हे केस सांगत नाही. विद्यार्थिनीला आम्ही एवढे सांगितले. "मग कोका आणि दारू इतकी का द्यावी लागली?" हा तिचा पुढचा प्रश्न. तो आम्ही वर्गासाठी तसाच ठेवला आहे.

स्पॅनिश राजवटीत हे बळी थांबले. पण पायऱ्यांची व्यवस्थाही मोडली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने डोंगरात विखुरलेल्या लोकांना सक्तीने मोठ्या गावांत आणून बसवले. दूरच्या पायऱ्यांवरची त्यांची शेते तुटली. मिता हे नाव तेच ठेवून पोतोसीच्या चांदीच्या खाणीत माणसे जुंपली गेली, आणि तेथे त्यांना जगवले ते चुन्योने. हुआका फोडण्याच्या मोहिमा सतराव्या शतकात निघाल्या. झरे आणि शिखरे मात्र फोडता येत नाहीत. आज लाखो केचुआभाषक ख्रिस्ती आहेत, आणि नांगरणीपूर्वी पाचामामेला चिचाचे थेंब वाहतात.

कुस्कोजवळ सिनाकारा खोऱ्यात दरवर्षी मे-जूनच्या सुमारास, कृत्तिका पुन्हा दिसू लागण्याच्या दिवसांत, कोयुर रिती नावाची मोठी यात्रा भरते. अस्वलासारखा वेष घेतलेले उकुकु रात्री हिमनदीवर चढतात आणि पहाटे उतरतात. पूर्वी ते बर्फाचे मोठे तुकडे पाठीवर घेऊन येत. ते पाणी औषधी मानले जाई आणि शेतातही शिंपडले जाई. पेरूतल्या हिमनद्यांचे क्षेत्र १९६२ पासून निम्म्याहून अधिक घटले आहे. सिनाकाराची हिमनदीही मागे हटत चालल्याचे पाहून उकुकुंनी बर्फ आणणे बंद केले. आता ते चढतात आणि वर रोवलेला क्रूस तेवढा खांद्यावर घेऊन परततात.